दुधी भोपळ्याचा मुंजा

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना मुलं 'मिस' म्हणायची. लग्न झालेल्या, नातवंडं झालेल्या, सगळ्याच मिस. एकट्या त्या मात्र 'बाई'. नवीन मुलानं चुकून मिस म्हटलं की त्या आपल्या मागे वळून बघायच्या, कोणाला हाक मारली म्हणून. मूल गोंधळून 'बाई' म्हणालं की मगच त्याच्याकडे तोंड वळवायच्या आणि विचारायच्या, "हां, बोल."

बाई जीवशास्त्र शिकवायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांची निवृत्ती होऊन दोन वर्षं झाली होती, पण दर जूनमध्ये संस्था त्यांना एकेक वर्ष वाढवून देत होती. मी पाचवीला इंग्रजी शिकवायचे, प्रोबेशनवर होते, आणि स्टाफरूममध्ये मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. ती रिकामी का होती ते पहिल्याच आठवड्यात कळलं. बाईंच्या टेबलाखाली द्राक्षांचा एक जुना प्लॅस्टिकचा क्रेट असायचा आणि त्यात भाजी. शेजारी बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा नाही. शिवाय डबा उघडून पहिला घास घ्यावा, तर बाई कोपरानं ढोसायच्या आणि हातात एखादा मुळा धरून म्हणायच्या, "हा बघ. दिसतंय का काही?"

काहीतरी दिसायचंच. कारण त्या सरळ भाजी घेतच नसत. बुधवारी शाळा सुटली की त्यांची स्कूटी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बाजाराकडे निघायची. बाकीच्या बायका टोमॅटो दाबून बघत, भेंडीची टोकं मोडून बघत. बाई विचारत, "वाकडं काय आहे?" मखमलाबादहून येणारी एक भाजीवाली मावशी त्यांच्यासाठी गोणपाटाखाली वेगळा ढीगच ठेवायची. एकदा मी बरोबर होते. मावशीनं दोन पाय फुटलेला मुळा दोन्ही हातांवर उचलून आणला आणि म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू ठेवलंय बघा. सकाळपासून चार जणींनी मागितलं, नाय दिलं." बाईंनी तो मुळा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. बाकीची भाजी क्रेटमध्ये गेली.

याची सुरुवात म्हणे बेडकांपासून झाली. पूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेत बेडूक चिरून दाखवत. ते बंद झालं आणि चिरफाडीच्या पेट्या कपाटात गंजत पडल्या. बाईंना नुसत्या तक्त्यावरून शिकवणं पटेना. मग त्या ढोबळी मिरची आडवी कापून हृदयाचे कप्पे समजावू लागल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यावरून मेंदू. एकदा तपासणीला साहेब आले आणि त्यांनी हृदयाचं मॉडेल कुठे आहे म्हणून विचारलं. बाईंनी मिरची पुढे केली. तास संपल्यावर बाईंनी ते हृदय मीठ लावून खाल्लं, त्यातला एक कप्पा साहेबांनाही दिला.

अशा या बाई पालीला घाबरायच्या. साप हातात धरतील, उंदराला शेपटीनं उचलतील, पण भिंतीवर पाल दिसली की वर्ग सोडून व्हरांड्यात उभ्या राहायच्या आणि तिथूनच पुढचा धडा शिकवायच्या. मुलं आळीपाळीनं पाल हाकलायची ड्यूटी लावून घेत. याची त्यांना लाज नव्हती. "भीती असते माणसाला एखादी," एवढंच म्हणत.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती. ऑक्टोबरच्या मध्याला प्रिन्सिपॉल मॅडमनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की पाचवीच्या मुलांची हॅलोविन पार्टी करायची. आजूबाजूच्या सगळ्या शाळा करतात, पालक विचारतात. आणि खाणं हेल्दी हवं, केक-वेफर नकोत. सगळ्यात नवीन मी, तेव्हा काम माझ्याकडे आलं.

मी स्टाफरूममध्ये बसून मोबाइलवर फोटो बघत होते. दात कोरलेले नारिंगी भोपळे, काळ्या टोप्या, झाडूवर बसलेल्या बाया. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे?"

बाई मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी अगदी पुस्तकी बोलायच्या, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की अहिराणी बाहेर यायची. त्या दिवशी दोन्हींपैकी काय होतं ते मला कळलं नाही. मी त्यांना हॅलोविन समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आपण सर्वपित्रीला पितरांना जेवू घालतो, ते लोक भुतांना घालतात, चांगलंच आहे की. फक्त ही भुतं इथल्या पोरांना कुठे ओळखीची आहेत? आपली भुतं काय कमी पडली? मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझी वही ओढून यादी करायला घेतली. मुंजा, हडळ, वेताळ, चकवा. सगळी भाजीची. अट एकच घातली, जे कोरायचं ते सगळं खाल्लं गेलं पाहिजे, कच्चं नाहीतर शिजवून. सालसुद्धा फेकायची नाही.

पहिलं काम सुऱ्यांचं होतं. प्रयोगशाळेतल्या पेट्या मी काढायला गेले तर बाई चिडल्या. बेडकाला लावलेलं पोरांच्या खाण्याला लावायचं नाही म्हणाल्या, आणि मला स्कूटीवर मागे बसवून शालिमारजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथं त्यांनी ऑपरेशनच्या सुरीचे दांडे, पात्यांची पाकिटं आणि दोन चिमटे घेतले. दुकानदारानं सहज विचारलं, कोणत्या डॉक्टरांकडून आलात. बाई म्हणाल्या, "भोपळ्याचं ऑपरेशन आहे. पेशंट शाळेत आहे." दुकानदार हसला. पावती द्यायला लागला तर बाई निघाल्यासुद्धा होत्या.

मग आठवडाभर शाळा सुटल्यावर पाचवीची मुलं प्रयोगशाळेत जमू लागली. बाई पाती कोणाच्या हातात देत नसत. मुलांनी काड्या टोचायच्या, डोळे बसवायचे, आणि मुख्य म्हणजे बघायचं. त्या एकेक भाजी उचलून विचारायच्या, "यात कोण बसलंय?" पहिल्या दिवशी मुलं नुसती हसली. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं वाकड्या काकडीकडे बोट दाखवून सांगितलं की हिच्यात एक म्हातारा बसलाय, त्याची पाठ दुखतेय. बाईंनी तिला जवळ ओढून घेतलं आणि त्या काकडीचा म्हातारा कोरला. तो यादीत नव्हता, पण त्यालाही जागा मिळाली.

कोरताना बाई गोष्टी सांगायच्या, आणि त्यातच एकदा बेडकांच्या पेट्यांची गोष्ट निघाली. मुलांच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली असणार. सोमवारी सकाळी पालकांच्या ग्रुपवर एका आईनं लिहिलं की बेडूक कापायच्या सुऱ्यांनी मुलांचं खाणं कापलं जातंय. खाली दहा-बारा जणांनी आणखी लिहिलं. एकानं हेही लिहिलं की दिवाळीच्या तोंडावर शाळेत भुतंखेतं कशाला.

प्रिन्सिपॉल मॅडमनी मला बोलावलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. ते स्वतः शुक्रवारी येऊन बघणार होते आणि मगच पार्टी होऊ द्यायची की नाही ते ठरवणार होते. बाईंचं वाढीव वर्षही त्यांच्याच सहीवर होतं, हे मॅडमनी वर सांगितलं. मग विचारलं, "सुऱ्या नक्की कुठल्या आहेत?"

मला फक्त खरं सांगायचं होतं. मी दुकानात होते, दांडे मीच पिशवीत घातले होते. पण माझ्या डोक्यात एकच आलं, प्रोबेशनवर आहे, उद्या कोणी म्हणालं ही पण त्यात होती, तर? मी म्हणाले, "मला नक्की माहीत नाही, मॅडम. बाईंनी आणल्यात."

केबिनमधून बाहेर आले तेव्हा समोर बाई होत्या, हातात सुरण घेऊन. सुरणाच्या गाठींमध्ये त्यांना वेताळाचा सेनापती दिसला होता आणि तो त्यांना मला दाखवायचा होता. मी बघितला, छान आहे म्हणाले, आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

पुढचे चार दिवस मी त्यांच्या शेजारी बसून मनुका मोजत होते, डोळ्यांसाठी. रोज ठरवायचे, आज मॅडमना जाऊन सांगायचं. रोज काहीतरी आडवं यायचं, खरं तर मीच आडवं आणायचे. बाई नेहमीसारख्याच होत्या. ग्रुपवरच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्या होत्या, पण त्यांनी कोणाला खुलासा दिला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ज्याला यायचंय तो येऊन बघेल.

शुक्रवारी दुपारी प्रयोगशाळेची लांब टेबलं जोडून त्यावर केळीची पानं पसरली होती. मधोमध वेताळ, पोट कोरलेला लाल भोपळा, डोक्यावर कारल्यांचा मुकुट, शेजारी सुरणाचा सेनापती. डावीकडे तशाच एका दोन पायांच्या मुळ्याची हडळ, पावलं उलटी, डोक्याला मक्याचे केस. वांग्यांची वटवाघळं दोऱ्यानं टांगलेली, ती संध्याकाळी भरतात जायची होती. एका परातीत गाजराची बोटं, नखांच्या जागी भिजवलेल्या शेंगदाण्याची अर्धुकं, आणि बुडवायला बीट घातलेलं लालभडक दही. एका मोठ्या ताटात काकडीच्या चकत्या उभ्या रचून चक्रव्यूहासारख्या वाटा केल्या होत्या. तो चकवा. कडेनं आत शिरायचं, चुकलं की वाटेतली चकती खायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मधे पुदिन्याच्या चटणीची वाटी.

टेबलाच्या टोकाला मुंजा होता. मुंज झालेल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं भूत, पिंपळावर राहणारं. तो बाईंनी शेवटपर्यंत राखून ठेवला होता. कोवळा, लांब मानेचा दुधी, त्यावर बारीक कोरलेला चेहरा. तो भीतिदायक कमी आणि एकटा जास्त दिसत होता.

अध्यक्ष आले. त्यांना सगळे आबा म्हणत. निफाडकडचे द्राक्ष बागायतदार, पांढरे कपडे, चप्पल मातीनं भरलेली. छाटणीचे दिवस होते, मजूर बागेत सोडून आलो म्हणाले, म्हणजे वेळ नव्हता हे सगळ्यांना कळलं. त्यांच्यामागे प्रिन्सिपॉल मॅडम, आणि ती तक्रार लिहिणारी आईसुद्धा. मुलं भिंतीला चिकटून उभी राहिली.

आबांनी टेबलावरचा दांडा उचलून बघितला. "बाई, ह्या सुऱ्या बेडकाच्या हायेत का?"

"नाही. नव्या आणल्यात," बाई म्हणाल्या. त्या मुंज्याच्या गळ्यात दोरा बांधत होत्या, हात थांबला नाही.

"पावती?"

"पावती नाही घेतली."

"मग कोणी बघितलंय तुम्हाला घेताना?"

बाईंनी वर बघितलंच नाही. माझ्याकडे एकदा जरी बघितलं असतं तरी मला सोपं गेलं असतं. त्या दोऱ्याची गाठ मारत राहिल्या.

"मी होते," मी म्हणाले. "मी दुकानात बरोबर होते, आबा. सुऱ्या नव्या आहेत. सोमवारी मॅडमनी मला विचारलं होतं आणि मी माहीत नाही म्हणाले. ते खोटं होतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. आबा माझ्याकडे वळले.

"नोकरी नवीन हाय?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि दांडा खाली ठेवला. पण तोवर त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. ते मुंज्याकडे बघत होते. जवळ गेले, वाकले. "हे जानवं हाय ना? उलट्या खांद्यावर घातलंय तुम्ही. त्याच्या डाव्या खांद्यावर असतं."

"तुम्हाला काय माहीत?" काकडीतला म्हातारा बघणाऱ्या त्या मुलीनं विचारलं. मॅडम तिला गप्प करायला निघाल्या, पण आबांनी हात वर केला.

"मी बघितलाय," ते म्हणाले.

मग ते मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे छातीशी आले, आणि सांगायला लागले. त्यांच्या मळ्यात विहिरीजवळ पिंपळ आहे. लहानपणी संध्याकाळी मोटर बंद करायला त्यांना तिकडे पाठवत. एकदा फांदीवर पाय हलवत बसलेलं पोर दिसलं. ते तसेच पळाले, एक चप्पल विहिरीपाशीच राहिली. ती सकाळी वडिलांनी आणली आणि दोन मुस्काटात दिल्या, चप्पल टाकून आला म्हणून. भुताचं त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

"आणि आता?" एकानं विचारलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आता पण अंधार पडला की मी त्या पिंपळाखालून नाय जात. गाडी लांबून फिरवून नेतो. गड्यांना सांगतो, तिकडचा रस्ता लय खराब हाय."

मुलं हसली नाहीत. एक मुलगा म्हणाला, मी लिफ्टला घाबरतो. दुसरी म्हणाली, फ्लशच्या आवाजाला. बाई म्हणाल्या, पालीला. मग अशी रांगच लागली. तक्रार करणाऱ्या आईला तिच्या मुलीनं विचारलं, मम्मी तू कशाला घाबरतेस, आणि ती म्हणाली, "रिझल्टला. तुझ्यापेक्षा जास्त." तोपर्यंत मुलीच्या हातात गाजराची तीन बोटं होती आणि चौथं तोंडात.

पार्टी सुरू झाली असं कोणी जाहीर केलंच नाही. आबा चकव्यात शिरले आणि तीनदा चुकले. मुलं ओरडून वाटा सांगत होती, अर्धी मुद्दाम चुकीच्या. घरी काकडीला हात न लावणारी पोरं चकव्याच्या भिंती खात सुटली. हडळीचे पाय कोणी खायचे यावरून भांडण झालं आणि दोघांनी एकेक खाल्ला.

निघताना आबांनी मुंजा मागितला. बाईंनी त्याचं जानवं डाव्या खांद्यावर घालून दिलं आणि खाण्याची अट सांगितली. तो गाडीत पुढच्या सीटवर बसून निफाडला गेला. दुसऱ्या दिवशी आबांच्या घरून मॅडमना फोन आला. आबांच्या पत्नी विचारत होत्या की शाळेत नक्की झालं काय. माणसानं जन्मात दुधी खाल्ला नव्हता, आणि काल भाजी करायला लावून एकट्यानं संपवली.

बाईंना जूनमध्ये आणखी एक वर्ष मिळालं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये आबा पुन्हा सही करायला तयार होते, तेव्हा बाईंनीच नको म्हटलं आणि सटाण्याला भावाकडे राहायला गेल्या. तिथं आता वस्तीवरच्या मुलांना घेऊन बसतात. मधूनमधून मला एखाद्या वाकड्या भाजीचा फोटो पाठवतात, खाली काही लिहीत नाहीत. मला त्यातला चेहरा ओळखून उत्तर पाठवावं लागतं. चुकलं तर फोन येतो.

माझी नोकरी पक्की झाली. मॅडमनी त्या सोमवारचा विषय पुन्हा काढला नाही. पण मला पार्टीच्याच दिवशी संध्याकाळी तो काढावाच लागला, कारण बाईंनी मला भरीत करायला घरी नेलं होतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून उभी होते. गॅसवर वटवाघळं भाजत होती, सालं तडतडत होती. मी म्हणाले की बाई, चार दिवस मी तुमच्या शेजारी बसले आणि गप्प राहिले. मला माफ करा.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मॅडमनी सोमवारीच मला विचारलं होतं. तू काय म्हणालीस तेही सांगितलं."

म्हणजे ते चारही दिवस माझ्या शेजारी बसून त्यांना सगळं माहीत होतं. मी विचारलं, "मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? आबांनी सरळ विचारलं होतं, कोणी बघितलं म्हणून."

बाईंनी चिमट्यानं वांगं उलटं केलं. खालची बाजू अजून कच्ची होती, म्हणून आच वाढवली.

"मी नाव घेतलं असतं तर तू हो म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या. "पण मग ते मी सांगितलेलं झालं असतं. तुझं राहूनच गेलं असतं."

मला रडू येईल असं वाटलं. त्यांनी बघितलं असावं, कारण त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीतून लसणाचा अख्खा गड्डा काढला आणि माझ्यापुढे टाकला.

"बठ," त्या म्हणाल्या. "सोल."

मी खाली बसले आणि सोलायला लागले.